विकणाऱ्याचे समाधान

लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘विक्री खात्यात आहे’ असे उत्तर आले, की मुलीकडची मंडळी क्षणभर चहाच्या कपात पाहू लागतात. हिशेबनीस म्हटले असते, मास्तर म्हटले असते, फार काय, नुसते ‘ऑफिसात असतो’ एवढे म्हटले असते तरी चालून गेले असते. विक्री म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे हातात बॅग घेतलेला, तीन जिने चढून दमलेला आणि दार उघडण्यापूर्वी चेहऱ्यावर हसू बसवणारा एक इसम उभा राहतो. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण मुलांना सांगतो खरी, पण पिढ्यान्पिढ्या आपण ती शेवटाकडूनच आचरणात आणली आहे.

आपली भाषाही या बाबतीत मोठी बोलकी आहे. गळ्यात मारणे, माथी मारणे, गळी उतरवणे! विक्रीसाठी मराठीने जे शब्द घडवले त्यांत गिऱ्हाइकाच्या शरीराला काही ना काही इजा आहेच. माणूस ‘विकला गेला’ म्हणजे काय झाले, ते तर सांगावयासच नको. आणि तरीही सकाळी पहिली विक्री झाली की तिला आपण ‘भवानी’ म्हणतो. ते पैसे कपाळाला लागल्यावाचून गल्ल्यात पडत नाहीत. एकाच कृतीविषयी इतका तिटकारा आणि इतकी भक्ती ज्या भाषेत शेजारी शेजारी नांदते, तिच्या मनात या कृतीविषयी काहीतरी न सुटलेले कोडे असले पाहिजे. लक्ष्मीपूजनाला वह्यांपुढे हात जोडणाऱ्या घरांत ते कोडे चार घटका उलगडून पाहावयास हरकत नसावी.

कोडे असे: ज्याचे पोट दुसऱ्याने वस्तू घेण्यावर अवलंबून आहे, त्याला आपल्या कामात खरेखुरे समाधान, ज्याला आपण सार्थक म्हणतो ते, लाभू शकते काय? पगार, दलाली, बढती यांची गोष्ट मी करीत नाही. ती ज्याला मिळायची त्याला मिळते.

कोणी म्हणेल, वैद्याचे पोट रोग्यावर आहे आणि वकिलाचे भांडणावर. त्यांना कोणी हा प्रश्न विचारीत नाही. खरे आहे. पण वैद्याकडे माणूस आपल्या पायांनी येतो आणि विक्रेत्याला दुसऱ्याच्या पायरीशी जावे लागते. तेथे नकार ऐकावा लागतो, आणि पुष्कळदा तो दार पुरते न उघडताच मिळतो. जुने विक्रेते सांगतात की, नकाराची माणसाला सवय होते. होत असेल. मला अधिक अवघड वाटतो तो गोडवा. विक्रेता तुमच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतो, आईच्या गुडघ्यांविषयी विचारतो, गेल्या खेपेला तुम्ही नाशिकला जाणार होता हेही त्याच्या ध्यानात असते. ही आस्था खरी की बिलासाठी? आपल्याला कळत नाही, हे एक वेळ चालेल. काही वर्षांनी ते त्याचे त्यालाच सांगता येईनासे होते. डेल कार्नेगी या अमेरिकन गृहस्थाने 1936 साली माणसे जोडण्याची कला शिकवणारे एक जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. तोही लेखक होण्यापूर्वी विक्रेताच होता. दुसऱ्याविषयी मनापासून आस्था ठेवा, असे तो पुनःपुन्हा बजावतो. पण मनापासूनची आस्था फायद्याची असते म्हणून ती बाळगा, हा उपदेश ऐकला की देवळात नवसाचा नारळ फोडताना आत नासका तर नाही ना, अशी जी शंका येते तशी शंका येते.

कान्टने 1785 साली नीतीची मीमांसा करताना दाखल्यासाठी एक दुकानदारच घेतला आहे. अडाणी गिऱ्हाईक आले, लहान मूल आले, तरी हा दुकानदार जादा भाव लावीत नाही. सर्वांना एकच दर. छान. पण कान्ट विचारतो, हा प्रामाणिकपणा कर्तव्यबुद्धीतून आला की धंद्याच्या शहाणपणातून? नाव राहिले तर गिऱ्हाईक राहते, हे कळण्याइतका दुकानदार हुशार असतोच. तेव्हा अशा वागण्याला नैतिक मोल देण्यास तो तत्त्वज्ञ तयार नाही. मला हे निम्मेच पटते. रोजच्या शंभर व्यवहारांत सचोटी आणि फायदा हातात हात घालून चालतात. तेथे कोण कोणाला ओढीत आहे, हे दुकानदाराला स्वतःला तरी कसे कळावे? पण एखादा दिवस असा उजाडतो की, दोघांच्या वाटा फुटतात. खरे सांगितले तर माल जात नाही, आणि न सांगितले तर कोणाला कधी कळणारही नाही. त्या दिवशी मात्र त्याला आपण कोण आहोत हे कळू शकते, आणि ते कळण्याची संधी टेबलामागे सुरक्षित बसलेल्या आपल्यासारख्यांना विक्रेत्याइतकी वारंवार मिळत नाही.

सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात असाच एक दिवस रंगवला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी गलबतभर धान्य घेऊन तेथे येतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. सांगितले तर भाव कोसळणार. सांगावे की गप्प बसावे? सिसेरो येथे दोन तत्त्वज्ञांचा वाद उभा करतो. डायोजीनस म्हणतो, मालातले दोष सांगा, खोटे बोलू नका. एवढे केल्यावर जे सांगितले नाही ते काही लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, तू माणसांच्या समाजात राहतोस. त्यांच्या हिताची गोष्ट त्यांच्यापासून दडवण्याचा तुला अधिकार नाही. सिसेरोने कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूने. दोन हजार वर्षे उलटली, पण ते गलबत आजही रोज बंदराला लागते. पुढच्या आठवड्यात नवा नमुना येणार आणि समोरचे यंत्र पडत्या भावात निघणार, हे ठाऊक असलेला दुकानातला तरुण, समोर दिवाळीच्या बोनसचे पैसे मोजणाऱ्या गृहस्थाकडे पाहत क्षणभर थांबतो, तेव्हा तो ऱ्होड्सच्या धक्क्यावरच उभा असतो.

पण केवळ खोटे न बोलण्याने सार्थक होत नाही. मुका माणूसही खोटे बोलत नाही! समाधानाला काही भरीव लागते, आणि ते कोठे सापडते हे पाहावयाचे तर मी कासाराकडे पाहीन. बांगड्या भरणारा जाणता कासार बाईचा हात हातात घेतो, बोटे जुळवतो, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून पाहतो आणि माप न विचारता नेमकी बांगडी काढतो. घाईने तो कधी रेटीत नाही. भरताना बांगडी पिचली तर ती गिऱ्हाइकाच्या हिशेबी धरू नये, असा त्या धंद्याचा जुना रिवाज. त्याला वस्तू कळते आणि हातही कळतो. या दोन जाणत्यांच्या मध्ये जे घडते त्याला विक्री हा शब्द अपुरा पडतो. त्याने गोड बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. कित्येक कासार चांगलेच तुसडे असतात.

दुसरे उदाहरण आपल्याच मुलखातले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगरावर वाढलेल्या माणसाला ती वेडगळ वाटत नव्हती. पहिले नांगर खपावयास फार काळ लागला. 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकून आलेला हा माणूस कारखान्याच्या जाहिराती करता करता संपादक झाला, आणि नांगराची खबर देणारे ते पत्र वाढत वाढत मराठीतले एक मान्यवर मासिक झाले. नांगर विकण्यासाठी आधी समजूत बदलावी लागली, म्हणजे शिकवावे लागले. गिऱ्हाइकाला जे हवे ते देणे हे एक काम. जे त्याच्या उपयोगाचे आहे पण त्याला अजून ठाऊक नाही ते त्याच्यापुढे ठेवणे आणि त्याच्या शंकेचा अपमान न करता ती फिटेपर्यंत वाट पाहणे, हे दुसरे. अर्थात गंडवणाराही नेमके हेच शब्द वापरतो. फरक शब्दांत नाही, नांगरात आहे. नांगरट खोल होते की नाही हे शेताला कळते.

आर्थर मिलरच्या 1949 सालच्या नाटकातला विली लोमन हा फिरता विक्रेता अनेकांना ठाऊक असेल. जन्मभर दोन जड बॅगा वाहणाऱ्या या माणसाच्या बॅगांत काय होते, हे मिलरने नाटकभर कोठेही सांगितलेले नाही. मला ते फार अर्थपूर्ण वाटते. विलीला वस्तूशी कर्तव्यच नव्हते; त्याला हवे होते लोकांचे प्रेम, आणि तेच तो दारोदार विकत होता. हाताने काम करताना तो सुखी असे, घराच्या पायऱ्या त्याने मोठ्या हौसेने बांधल्या होत्या, असे त्याचा मुलगा शेवटी म्हणतो. कासार आणि विली यांच्यात मला दिसणारे अंतर ते हे.

पण येथवर आलो म्हणजे सारा भार विक्रेत्याच्या चारित्र्यावर टाकून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि तो अन्याय आहे. कासाराचा माल त्याच्या पेटीत असतो. पगारी विक्रेत्याला माल दुसरा निवडून देतो आणि महिनाअखेरीचा आकडाही दुसराच ठरवतो. बँकेच्या खिडकीवरच्या मुलीला वरून आकडा आला की, ठेवीची पावती नवी करावयास आलेल्या सत्तरीच्या आजोबांना ती वीस वर्षांची विमा योजना समजावू लागते. आजोबांचे हित तिला कळत नाही असे थोडेच आहे? तिच्या घरी आजोबा आहेत. अशा ठिकाणी ‘सचोटीने वाग’ एवढे सांगून निघून जाणारा नीतिवादी फार स्वस्तात सुटतो. काही खुर्च्याच अशा असतात की त्यांच्यावर बसून सार्थक लाभत नाही. ती मुलगी तेथे बसली यात दोष तिचा नाही. उठता येईल तेव्हा तिने उठावे, आणि ज्यांनी आकडा पाठवला त्यांनी आजोबांसमोर एक दिवस स्वतः बसावे.

माझ्या एका मावशीचे यजमान विम्याचे एजंट होते. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतरच्या पिढीतले. एजंटाचे कमिशन पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठे असते, पुढे ते घटत जाते, आणि विमेदार वारला की त्या पॉलिसीपुरते संपते. काका मात्र तेरावा उरकला की त्या घरी जात. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, वारसाची सही, सारे कागद जमवून देत. एकदा मावशीने विचारले, यात तुम्हाला काय मिळते? ते म्हणाले, ‘‘अगं, बारा वर्षांपूर्वी त्यांच्या ओट्यावर बसून मी जे बोललो, ते खरं होतं की नाही, हे आज कळतं.’’ एवढे बोलून ते पाय धुवायला मोरीवर गेले.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजलीची कथा आहे. हा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले वाढून उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याला वाटले, आपल्यासारखा धर्म कोणी जाणला नसेल. तेव्हा आकाशवाणी झाली की, वाराणसीचा तुलाधार तुझ्याहून थोर आहे. जाजली रागारागाने शोधत शोधत वाराणसीस गेला. पाहतो तो काय, तुलाधार हा दुकान मांडून बसलेला वाणी! सुगंधी द्रव्ये, मुळ्या, रस असा माल तो विकत होता. माझी तागडी सर्व प्राण्यांना सारखी आहे, असे तो पुढे जाजलीला समजावून सांगतो, आणि त्या संवादाची थोरवी पंडितांनी पुष्कळ वर्णिली आहे. मला मात्र त्याच्या आधीचा एक लहानसा तपशील आवडतो. ऋषी दुकानाशी आला, तो काही घ्यावयास आलेला नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागही असला पाहिजे. तुलाधाराने त्याला पाहिले, आणि हातातले काम सोडून तो आनंदाने उठून उभा राहिला.