दूरची माणसे

तैलरंगात निसर्गचित्र शिकायला बसलो तेव्हा माझी साठी उलटून गेली होती. सरांनी जॉन कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन' या चित्राची छापील प्रत समोर ठेवली आणि म्हणाले, "याची नक्कल करा, हात तयार होईल." १८२१ सालचे हे चित्र रोमँटिक काळातले फार गाजलेले. उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी, डावीकडे घर, वर पावसाळी ढग. मूळ चित्र सहा फूट रुंद आहे आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

सरांचे नियम मोजके. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर जवसाच्या तेलाचे. उलटे केले तर पुढे रंगाला तडे जातात. दुसरा नियम अंतराचा. जे दूर, ते फिके करायचे, त्यात थोडा निळा आणि पांढरा मिसळायचा, कडा विरघळवायच्या. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो; ते साजरेपण रंगाच्या ट्यूबमधून कसे काढतात, ते या वयात कळले.

ढगांनी माझे तीन आठवडे खाल्ले. पण खुद्द कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ढगाशी खोटे बोलायचे नाही, असा त्याचा बाणा.

मग उजवीकडच्या लांबच्या कुरणाशी आलो. तिथे गवत कापणारी माणसे आहेत. माझ्या प्रतीत ती भिंग लावल्यावरच दिसली. पांढरट चार-दोन ठिपके, बस. माझा ब्रश तिथे थांबला. माझे अब्बा आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात रोजाने गेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेही असेच ठिपक्याएवढे दिसत असतील. आणि कदाचित सुंदरही.

ज्या भागाचे हे चित्र, त्या पूर्व इंग्लंडात १८१६ साली शेतमजुरांचे दंगे झाले होते. चित्र लोकांपुढे आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२२ मध्ये, तिथे पुन्हा मळणीयंत्रे फोडली गेली, गंजी पेटल्या. कॉन्स्टेबलला हे ठाऊक होते. त्याच्या पत्रात या आगींचा उल्लेख येतो. तो गिरणीमालकाचा मुलगा. चित्राला त्याने नाव दिले होते 'निसर्गदृश्य : दुपार'. ढगाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस मजुराच्या बाबतीत गप्प राहिला. याला खोटे म्हणायचे का?

मी बरेच दिवस 'होय' म्हणत होतो. आता तितका ठाम नाही. एका चित्राने सगळेच सांगावे ही मागणी कुणी गझलेकडे करत नाही, मग निसर्गचित्राकडेच का? शिवाय थकलेल्या माणसालाही झाडाची सावली हवीच असते. अब्बाही दुपारी भाकर खाऊन आकाशाकडे बघत पडायचे. सौंदर्य ही काही मालकांचीच इस्टेट नव्हे. तरीही एक गोष्ट डाचतेच. माणूस दूर आहे म्हणून लहान काढणे हा डोळ्याचा हिशेब झाला. पण त्याला दूर कुठे उभे करायचे, हे चित्रकारच ठरवतो. तिथे हिशेब डोळ्याचा राहत नाही.

मी एकदा ठिपका मोठा केला, चेहराही काढला. सर म्हणाले, "प्रमाण गेलं." खरेच गेले होते, कुरणात राक्षस उभा राहिल्यासारखे दिसत होते. नाइफने खरवडला. दुसऱ्यांदा माणसेच गाळली, तर कुरण ओसाड वाटू लागले, आणि ते तर उघड खोटे. तिसऱ्यांदा मुकाट्याने कॉन्स्टेबलच्या मापाचे ठिपके ठेवले.

कॅनव्हासच्या मागे मात्र पेन्सिलीने अब्बांचे नाव लिहिले, गाव लिहिले, आणि आठवत होता तेवढा त्यांचा रोज. सरांनी ते वाचले. चित्र टांगले की ही बाजू भिंतीकडे जाते, एवढेच ते म्हणाले.