घेण्याची लाज

वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आलो : कुणापुढे हात पसरू नये. ते सांगणे सर्वस्वी चुकीचे होते असे आजही माझ्याने म्हणवत नाही. परंतु त्यापायी एका मुलाचे शिक्षण बुडण्याची वेळ आली, आणि तेव्हापासून ते शब्द उच्चारताना मी अडखळतो.

मुलगा आमच्या सारंगखेड्याचाच. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. तो पुण्याला भूशास्त्राच्या एम. एस्सी.ला गेला, तेव्हा ‘हे काय शिकणार?’ असे गावातल्या चौघांनी मला विचारले. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. ‘दगड वाचायला शिकणार,’ एवढेच सांगू शकलो.

हे शास्त्र चार भिंतींत पुरे होत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था 1851 पासून देश पालथा घालीत आहे. तिचे नकाशे आता ‘भूकोश’वर घरबसल्या पाहता येतात. पण नकाशातल्या रेघेपाशी विद्यार्थ्याला स्वतःच्या पायांनी जावे लागते. त्याला हातोडा, होकायंत्र, भिंग, दणकट बूट लागतात. एसटीचे भाडे आणि आठ-दहा दिवसांचे जेवण लागते. ऐन सहलीच्या वेळी या मुलाने ‘आई आजारी आहे’ असे खोटेच सांगितले आणि तो खोलीत पडून राहिला. वर्ष जाणार असे दिसू लागले, तेव्हा वसतिगृहातल्या सोबत्यांनी खरे कारण शोधून काढले. एकाने बूट दिले, दुसऱ्याने भाडे भरले. वरच्या वर्गातल्या मुलीने आपला हातोडा आणि वह्या दिल्या. त्या तिलाही अशाच मिळाल्या होत्या.

पुढे तो तीन सोबत्यांसह प्रबंधाच्या कामासाठी इकडे आला आणि माझ्याच घरी उतरला. रात्री सहज म्हणाला, “गुरुजी, मागायची लाज वाटली. तुम्हीच शिकवलं होतं ना?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

तापीच्या दक्षिणेला, नंदुरबार-धुळ्याच्या मुलखात, काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांत शिरलेला तप्त रस तिथेच थिजला, त्या या भिंती. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 210 भिंतींची नोंद आहे. मुले दिवसभर त्या तुडवीत, आणि संध्याकाळी एकाच ताटाभोवती बसून भांडत : हा दगड आधीचा की तो? त्या भांडणातच त्यांचे निम्मे शिक्षण होत असावे, असे मला वाटले.

एकदा त्याने मला तापीकाठची दरड दाखवली. गाळाचे थरावर थर. मुलताईपासून वाहत येणाऱ्या या नदीने वाटेतल्या मुलखाची माती आणून इथे टाकली; ज्या जमिनीचा आम्हांला एवढा अभिमान, ती मुळात दुसरीकडून आलेली. मी मनाशी म्हटले, मग स्वाभिमान तो कशाचा?

यावर कुणी म्हणेल, घेण्याची सवय माणसाला मिंधे करते. खरे आहे. देणारा कायम वर आणि घेणारा कायम खाली असेल, तर ती भीकच. पण कालचा घेणारा आज देणारा होत असेल, तर त्याला वाटा म्हणावे. वाटा मागण्यात कमीपणा नाही. तो पुढे न देण्यात आहे.

मात्र सोबत्यांच्या चांगुलपणाचे गोडवे गाऊन आपण मोकळे होऊ नये. असे सोबती न मिळालेल्या मुलांनी काय करावे? अभ्यासासाठी डोंगरात जाणे सक्तीचे असेल, तर तो खर्च गरीब मुलाच्या नशिबावर सोडणे हा अन्यायच होय. शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडणे हा त्याचा हक्क आहे. मैत्रीने त्याची भरपाई होत नाही.

तो मुलगा आपला हातोडा मागच्या वर्गाला देऊन बाहेर पडला. यंदा आमच्या गावची एक मुलगी त्याच विषयासाठी पुण्याला निघाली. पाया पडायला आली, तेव्हा तोंडाशी आलेले जुने वाक्य मी गिळले. म्हटले, “काय कमी आहे ते पहिल्याच दिवशी सांग.” ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. साहजिकच आहे, सातवीत तिलाही मी ते जुनेच वाक्य शिकवले होते.