डावललेल्याचा न्याय

आपणांस डावलले गेले, ही गोष्ट मनुष्य सहसा विसरत नाही. आमच्या देवस्थानांतून पालखीच्या मानावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो. आणि तो खांदा न मिळाल्याचा नसून गणतीत न धरल्याचा असतो. पण असा डावललेला मनुष्य पुढे स्वतःच निवड करण्याच्या आसनावर बसला, तर त्या जुन्या शल्याचे त्याने काय करावे?

इंग्लंडमधील बॉब पेझली यांच्यापुढे हा प्रश्न साक्षात उभा राहिला. डरॅम परगण्यातील कोळसाखाणींच्या गावी १९१९ साली जन्मलेले पेझली १९३९ मध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लबात आले. १९५० च्या एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात एव्हर्टनविरुद्ध त्यांनी गोल केला. अंतिम सामन्यातून मात्र त्यांनाच वगळण्यात आले, आणि लिव्हरपूल हरले. तरी त्यांनी क्लब सोडला नाही. १९५४ मध्ये खेळणे थांबल्यावर तेथेच दुखापतींवर उपचार करणारे, मग शिकविणारे, पुढे व्यवस्थापक बिल शँक्ली यांचे साहाय्यक, अशी वीस वर्षे त्यांनी मागे राहून काढली. १९७४ मध्ये शँक्ली पायउतार झाले, तेव्हा ते पद पेझलींनी नाखुषीनेच पत्करले. नऊ मोसमांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप आले.

परंतु अकरा जण निवडणे म्हणजे उरलेल्यांना डावलणे होय. ज्याला जखम ठाऊक आहे त्याने ती दुसऱ्यास करू नये, असे क्षणभर वाटते. मला ते पटत नाही. दयेपोटी एकाला आत घ्यावे, तर दुसरा कोणी बिनअपराध बाहेर जातो. ती दया परक्याच्या ताटातले उचलून वाढलेली असते. शल्याने हात अडू नये, नजर मात्र सूक्ष्म व्हावी. आर्सेनलहून आघाडीचा खेळाडू म्हणून आलेल्या रे केनेडीला पेझलींनी मधल्या फळीत डावीकडे आणले, आणि तेथेच तो खऱ्या अर्थाने उमलला. अर्थात प्रत्येकाला अशी दुसरी जागा सापडत नाही. ज्याला ती सापडली नाही, त्याचे दुःख निर्णय न्याय्य होता एवढ्याने हलके होत नसणार. न्यायाची ही उणीव मान्यच केली पाहिजे.

१९५० साली ज्या वेम्ब्लीवर उतरावयास मिळाले नव्हते, तेथेच १९८३ मध्ये, आपल्या अखेरच्या मोसमात, त्यांच्या संघाने लीग कप जिंकला. खेळाडूंनी करंडक स्वीकारण्यास त्यांनाच पायऱ्या चढावयास लावले. तसा प्रघात नव्हता. एफ. ए. कप मात्र व्यवस्थापक म्हणूनही त्यांच्या हाती कधी आला नाही.