देवाने ‘नाही’ म्हटलं तेव्हा

“दादा, माझी प्रार्थना चुकली का?”

सात वर्षांची मुलगी. रविवारची सकाळ, चर्चच्या मागचा हॉल, खाली चटई. तिची आजी आठ दिवसांपूर्वी गेली होती. त्याआधीचे तीन रविवार आमच्या वर्गातल्या चौदा पोरांनी डोळे घट्ट मिटून त्या आजीसाठी प्रार्थना केली होती. सुरुवात मीच करून द्यायचो.

आठवडाभर मी कोड लिहितो आणि रविवारी संडे स्कूलला शिकवतो. गिटार वाजवता येते आणि कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढ्या दोन गुणांवर पुण्यातल्या आमच्या मंडळीने हे काम माझ्याकडे दिलं. मी मूळचा नगरचा. तिथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, आणि आमच्या घराचं ख्रिस्तीपण त्याच धाग्यातलं. बायबलच्या गोष्टी मी इतक्या लहानपणापासून ऐकत आलोय की त्या पहिल्यांदा कधी ऐकल्या ते आठवत नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या पोरांना त्या सांगणं सोपं असेल असं वाटलं होतं.

पण तिचा प्रश्न नीट बघा. ‘देवाने का ऐकलं नाही’ असं ती विचारत नव्हती. तिला नियम दिला होता: विश्वासाने मागितलं की देव देतो. तिने मागितलं, मिळालं नाही. नियम दादाने सांगितलाय म्हणजे तो बरोबरच असणार. मग उरलं काय? मागणं चुकलं असणार. डिबगिंग करताना मीही हेच करतो. फंक्शनवर शंका नसेल तर इनपुट तपासायचं. तिच्या तर्कात कुठेच खोट नव्हती. खोट मी दिलेल्या नियमात होती, आणि त्याची किंमत ती स्वतःच्या नावावर लावत होती.

अशा वेळी द्यायची तयार उत्तरं माझ्याकडे होती. ती सगळ्यांकडेच असतात. ‘देवाची काहीतरी योजना असते.’ ‘देव सिग्नलसारखा असतो, कधी हिरवा, कधी लाल, कधी थांबा म्हणतो.’ आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे ‘देवाला ती फार आवडली म्हणून त्याने तिला बोलावून घेतलं.’

हे शेवटचं उत्तर मी कुणालाही देऊ शकत नाही. मी सात वर्षांचा असताना माझा चुलतभाऊ विहिरीत बुडून गेला. नऊ वर्षांचा होता, अभ्यासात हुशार, देवळात सगळ्यात पुढे बसणारा. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) घरी जमलेल्या बायकांपैकी एकीने मला जवळ घेऊन सांगितलं की देव आपल्या बागेसाठी सगळ्यात सुंदर फुलं आधी तोडतो. तिच्या मनात माया होती, यात मला आजही शंका नाही. पण मी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. त्या वर्षी मी शेजारच्यांचे पेरू चोरले, प्रार्थनेत मुद्दाम मध्येच डोळे उघडले, पाठांतर येत असून चुकवलं. आईला वाटायचं, भावाच्या दुःखाने पोर बिघडलंय. खरं तर मी देवाच्या नजरेत भरू नये म्हणून धडपडत होतो.

आता मुलांना काही सोपं करून सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी म्हणणार नाही. पहिलीत बाई सांगतात, लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही. पुढे ऋण संख्या शिकल्यावर कळतं की होते. तेव्हा कुणाला बाईंनी फसवलं असं वाटत नाही. त्र्यैक्याचंही तसंच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजवायला मी बर्फ, पाणी आणि वाफ यांचं उदाहरण द्यायचो, कारण मलाही तसंच शिकवलं होतं. कॉलेजात असताना एकदा वाचनात आलं की एकच देव तीन रूपं बदलतो ही कल्पना तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावावर आहे आणि चर्चने ती पाखंड ठरवलेली आहे. म्हणजे मी दर वर्षी चौदा पोरांना पाखंड शिकवत होतो! पोट धरून हसलो. पण त्या पाखंडामुळे एकाही पोराची झोप उडालेली नाही. मोठेपणी कुणाला त्यात रस वाटलाच तर तो दुरुस्त करून घेईल.

प्रार्थनेच्या नियमाचं तसं होत नाही. लहान संख्येच्या नियमावर कुणी आपला जीव टांगून ठेवत नाही. या नियमावर त्या मुलीने आजी टांगून ठेवली होती.

आई हे मान्य करत नाही. ती नगरला बरीच वर्षं संडे स्कूल घ्यायची. फोनवर सगळं ऐकून म्हणाली, “तुम्हा शिकलेल्यांना लेकराला खिडकी दाखवायची घाई. आधी त्याला पाय ठेवायला जमीन दे.” तिच्या म्हणण्यात दम आहे. सात वर्षांच्या पोराला आपलं कुणीतरी ऐकतंय हे वाटायलाच हवं. अनिश्चितता ही मोठ्या माणसांची चैन असते. रात्री दिवा बंद झाल्यावर पोराला ती पुरत नाही.

त्या रविवारी मी काय केलं? “नाही गं, तू अगदी बरोबर प्रार्थना केलीस,” एवढंच म्हणालो. पुढे काही सुचेना, म्हणून तिच्याशेजारी चटईवर बसून राहिलो. बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलंबाळं, धनदौलत, तब्येत, सगळं जातं. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसतात. मग तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे त्याला पटवत राहतात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर. त्याच्याशी भांडलेला ईयोब खरं बोलला, असं तो म्हणतो. संडे स्कूलच्या पुस्तकात ईयोब असतो, पण ‘धीर धरणारा ईयोब’ म्हणून. भांडण गाळलेलं असतं.

हे आपल्याकडे तरी नवल वाटायला नको. तुकोबांनी विठ्ठलाला किती सुनावलंय. १८९५ साली ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांची गाणी आमची पोरं पेटीवर गातात. पण पुलावरचं ते भांडण आम्ही पलीकडेच ठेवून आलो की काय, असं मला कधी कधी वाटतं.

असो. वर्ग सुटल्यावर हॉलमधल्या फ्रेमकडे लक्ष गेलं. तुम्हीही ते चित्र पाहिलं असेल, हाइनरिख होफमान या जर्मन चित्रकाराचं. खडकाशी गुडघे टेकून प्रार्थना करणारा येशू, वरून पडणारा उजेड. मराठी ख्रिस्ती घरांत ते कॅलेंडरवर, घड्याळावर, कुठेही भेटतं. प्रार्थना कशी करावी याचा नमुना म्हणूनच मी ते बघत आलो. पण ती गेथशेमाने बाग आहे, क्रुसावर जाण्याच्या आदली रात्र. तो मागतोय की हा प्याला माझ्यापासून टळू दे. आणि प्याला टळत नाही. न मिळालेल्या मागणीचं चित्र आम्ही दिवाणखान्यात टांगलंय आणि त्याच्याखाली बसून पोरांना सांगतोय की मागितलं की मिळतं.

पुढच्या रविवारी मी तीच गोष्ट सांगितली. तीन वेळा मागितलं, मित्र झोपून गेले, मरण आलंच. “म्हणजे येशूची प्रार्थनापण चुकली नव्हती?” त्या मुलीने विचारलं. नाही, चुकली नव्हती. तिचा चेहरा थोडा सैल झाल्यासारखा वाटला. मला तसं वाटायला हवं होतं, हेही आहे.

आठवड्याने दुसऱ्याच एका मुलाच्या वडिलांनी मला जिन्यात थांबवलं. मुलगा तीन रात्री रडत होता. “देव येशूचं ऐकत नाही तर माझं काय ऐकणार, असं म्हणतोय. एवढ्याशा पोरांना हे कशाला सांगता?” ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकीचं ओझं उतरवताना मी ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, “लूकातली गोष्ट सांगितलीस का? तिथे देवदूत येऊन त्याला शक्ती देतो.”

नव्हती सांगितली. ती ओळ काही जुन्या हस्तलिखितांत नाही, हे मला माहीत होतं आणि ते तोंडावर आलंही होतं. पण मी ती त्या कारणाने गाळली नव्हती. देवदूत आला की गोष्ट फार गोड होईल अशी मला भीती होती.

“म्हणजे अर्धीच सांगितलीस तूपण,” आई म्हणाली.

तर त्यानंतरच्या रविवारी देवदूत आला. पोरं देवदूत म्हटलं की खूश होतात. रडणारा मुलगा पुढे सरकून बसला. मुलीने भुवया आवळून विचारलं, “तो आला, मग प्याला का नाही नेला त्याने?”

“माहीत नाही.”

“मग आला कशाला?”

“एकटा होता ना येशू. बाकीचे झोपले होते,” तो मुलगा म्हणाला. तिने थोडा वेळ विचार केला. तिला ते पूर्ण पटलं नाही. नंतर दोघांनी मिळून झोपलेल्या शिष्यांचं चित्र काढलं, सगळ्यांची तोंडं उघडी आणि वर मोठ्ठा ‘घुर्रर्र’.

पुढच्या महिन्याच्या पाठात अब्राहाम आणि इसहाक आहेत. देव बापाला सांगतो की मुलाचा बळी दे. आमच्या पुस्तकातल्या चित्रात फक्त झुडपात अडकलेला मेंढा आहे.