संस्थापकाचा धीर आणि थकलेली बिलं

नवा उद्योजक खचला, की आपण त्याच्या स्वभावात खोट शोधतो. धीर कमी पडला, घाई केली, झेपेल तेवढंच करायला हवं होतं, असं म्हणतो. मग त्याला ध्यानधारणा आणि प्रेरक भाषणं सुचवतो. समुपदेशन अनेकांना लागतं आणि ते मिळायलाच हवं. पण या ताणाचा मोठा भाग मनात नव्हे, तारखांमध्ये तयार होतो, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी पुण्यातली एखादी छोटी कंपनी घ्या. तिने दहा लाखांचं बिल दिलं, की त्यावरचा १ लाख ८० हजारांचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. पैसे आलेले असोत वा नसोत. ७ तारखेला टीडीएस, १५ तारखेला पीएफ, त्याआधी पगार. ग्राहक मात्र नव्वद दिवसांनी पैसे देणार आणि न दिलेल्या बिलावरच्या कराची वजावट दरम्यान घेऊन मोकळाही होणार. म्हणजे धनको छोटा, ऋणको मोठा! हे संस्थापकाने सांगायचं कुणाला? कर्मचाऱ्यांना सांगितलं तर चांगली माणसं दुसरीकडे मुलाखती देऊ लागतात, गुंतवणूकदाराला सांगितलं तर पुढच्या फेरीत कंपनीची किंमत पडते आणि घरी सांगावं, तर कर्जासाठी राहता फ्लॅटच तारण असतो. त्याचा एकटेपणा इथून येतो. कागदोपत्री प्रायव्हेट लिमिटेडची जबाबदारी मर्यादित. पण बँक संचालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि अशा हमीदारांवर दिवाळखोरीची कारवाई करण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वैध ठरवली आहे.

जोखीम त्याने स्वतः पत्करली, उद्या नफा झाला तर तोही त्याचाच, असा आक्षेप येईल. माल खपेल की नाही, ही जोखीम त्याचीच, हे मान्य. पण खपलेल्या मालाचे पैसे अडकण्याची जोखीम त्याने निवडलेली नसते; ती त्याच्यावर ढकललेली असते. कायदा आहे की, असंही म्हटलं जाईल. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मात्र ज्याच्याकडून निम्मा धंदा येतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे तो धंदा सोडायचा. हक्क वापरणं परवडत नाही, तोवर तो कागदावरच राहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण चिकाटीची म्हणून सांगतो. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजापायी त्यांचे नांगर सुरुवातीला पडून राहिले, तरी ते हटले नाहीत. चिकाटी खरीच. पण बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी जमीन दिली, पैशाचीही मदत केली, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा अर्धा भाग भाषणांतून गळतो, आणि ऐकणाऱ्या तरुणाला आपलंच काही कमी पडतंय, असं वाटत राहतं.

आज औंधच्या राजांची वाट पाहायची गरज नाही. छोट्या पुरवठादाराचं बिल मोठ्या ग्राहकाने मान्य केलं, की त्यावर बँकांनी बोली लावून आगाऊ पैसे द्यायचे, अशी ट्रेड्स ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालू आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे वापर नव्हे. प्रत्येक मोठ्या कंपनीने छोट्या पुरवठादाराचं प्रत्येक बिल ठरावीक दिवसांत तिथे मान्य केलंच पाहिजे, असं बंधन हवं.