पड आणि पडीक

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याच्या एका वस्तीजवळ मुलं बॅडमिंटन खेळत होती. टोमॅटोचा प्लॉट मोडल्यावर उरलेले दोन बांबू रोवलेले, मध्ये ताणलेल्या सुतळीला कांद्याच्या रिकाम्या गोण्या बांधलेल्या. हीच त्यांची जाळी. रेघा फक्कीच्या होत्या आणि रॅकेटला ती मुलं सरळ ‘बॅट’ म्हणत होती. अंधार पडायच्या सुमारास शेतावरून ट्रॅक्टर आला. मुलांनी बांबू उपटून भिंतीला टेकवले आणि ट्रॅक्टर त्या रेघांवरच उभा राहिला. कोणी कोणावर रागावलं नाही. जागा दुपारी कांद्याची, संध्याकाळी मुलांची, रात्री ट्रॅक्टरची. हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

शहरांत मात्र अशाच एका जागेवरून वाद पेटला आहे. सार्वजनिक टेनिस कोर्टं दिवसाचा बराच वेळ मोकळी असतात. पिकलबॉल आणि पाडेल खेळणारे वाढताहेत, त्यांना जागा हवी आहे. मग टेनिसचं कोर्ट मोडून नव्या खेळाला द्यावं का? अमेरिकेत यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तंटे झाले. आपल्याकडेही हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक महापालिकेच्या आणि तालुका क्रीडा संकुलाच्या दारात येणार आहे.

आमच्या भागात टेनिस खेळ म्हणून आलंच नाही, चेंडू म्हणून आलं. गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, पण टेनिसची जाळी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस विरळा. त्यामुळे या वादात आपलं काय, असं कोणी विचारेल. मला वाटतं, आपलंच आहे. रिकाम्या जागेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न शेतकऱ्याइतका कोणी भोगलेला नाही.

आधी टेनिसची बाजू पाहू. आज जे टेनिस बेदखल होईल म्हणून हळहळ व्यक्त होते, ते स्वतः दुसऱ्याच्या अंगणात शिरलेलं आहे. विम्बल्डनचा क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला तो क्रोकेटसाठी. १८७५ मध्ये तिथल्या हिरवळीचा एक तुकडा लॉन टेनिसला दिला गेला. १८७७ मध्ये क्लबच्या नावात टेनिस आलं आणि त्याच वर्षी पहिली स्पर्धा झाली. १८८२ मध्ये क्रोकेट हा शब्द नावातून काढूनच टाकला. १८९९ मध्ये तो जुन्या मायेपोटी परत जोडला. पाहुण्याने घर घेतलं, पण पाटीवर मूळ मालकाचं नाव ठेवलं.

बॅडमिंटनची गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली. इंग्रज लष्करी अधिकारी हा खेळ पुण्याच्या छावणीत खेळत आणि त्याला ‘पूना’ असंही म्हणत. १८७३ च्या सुमारास त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यात लिहिले गेले, असं मानतात. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर लाकडी फळ्या आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन मुलांसाठी खेळ रचला. तोच पिकलबॉल. त्याचं कोर्ट आजही ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच आहे. पुण्यात नियम मिळालेला खेळ आधी समुद्रापार गेला, आणि त्याच्या मोकळ्या पडलेल्या कोर्टावर जन्मलेला खेळ आता पुण्यात परत आला आहे. भारतात तो आणला तोही एका मराठी माणसाने, मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. २००६ च्या सुमारास त्यांनी त्याची बॅट आणि चेंडू इथे रुजवायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना उभी केली.

नाटेकरांच्या घरात तर ही सगळी वाटचाल दोन पिढ्यांत दिसते. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच होता. त्यांचा मुलगा गौरव टेनिसमध्ये रमला आणि १९९४ च्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीने त्याने दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. तोच गौरव पुढे पिकलबॉलच्या व्यावसायिक लीगचा एक संस्थापक झाला. तिचा पहिला हंगाम २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत झाला. एका खेळातून दुसऱ्यात जाणं म्हणजे पहिल्याशी बेइमानी, असं या घराकडे पाहून कोण म्हणेल?

हिशेबही नव्या खेळाच्या बाजूचाच आहे. टेनिसच्या एका कोर्टाला भोवतालच्या मोकळ्या जागेसकट साधारण १२० फूट बाय ६० फूट लागतात. पिकलबॉलला ६० बाय ३० पुरतात. म्हणजे एका कोर्टात चार. जिथे फार तर चौघं खेळत, तिथे सोळा जण खेळू शकतात. शिवाय टेनिस शिकणाऱ्याचे सुरुवातीचे कित्येक आठवडे चेंडू गोळा करण्यातच जातात. पिकलबॉल नवख्या माणसालाही पहिल्याच दिवशी खेळू देतो. साठीतली आजी आणि तिची नात एका जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहू शकतात. ज्या बायकांच्या पायाखाली शाळा सुटल्यानंतर मैदान आलंच नाही, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

तरीही कुदळ मारण्याआधी थांबावं, असं मला कळकळीने वाटतं. त्याचं कारण आमच्या शेतीच्या भाषेत आहे. शेतकरी पड आणि पडीक हे दोन शब्द वेगळे ठेवतो. पड म्हणजे जाणूनबुजून एक हंगाम विसाव्याला ठेवलेलं रान. पडीक म्हणजे ज्याच्याकडे कोणी फिरकेनासं झालं ते. बांधावरून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हींत गवतच असतं. पण पड रानाला पडीक समजून जो हात घालतो, तो चुकतो.

जुन्नर-आंबेगावातले बैलगाड्यांच्या शर्यतींचे घाट आठवा. यात्रेचे दिवस सोडले तर तिथे वर्षभर चिटपाखरू नसतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधली सात वर्षं कोणी मोजमाप करायला आलं असतं, तर घाटाचा वापर शून्य भरला असता. पण जिथे घाट जपला होता, तिथे परवानगी येताच पुन्हा बारी लागली. रिकामपण हे निरुपयोगी असण्याचा पुरावा नसतं.

म्हणून रिकाम्या टेनिस कोर्टाला पहिला प्रश्न हा विचारावा, की ते मोकळं का आहे. गावात कोणाला टेनिस नको आहे म्हणून, की फाटकाला कुलूप आहे म्हणून? किल्ली कोणाकडे असते? पोरांना वेळ असतो तेव्हा दिवे लागतात का? ताशी भाडं किती? शिकवणारं कोणी आहे का? मी एका शहरात असं सार्वजनिक कोर्ट पाहिलं आहे, जिथे बाहेर जाळीला नाक लावून चार मुलं उभी होती आणि आत जमिनीवर कोरडी पानं साचली होती. किल्लीवाला जेवायला गेला होता. ते कोर्ट मोजणीत ‘कमी वापराचं’ म्हणून नोंदलं गेलं असणार. तिथे पिकलबॉलच्या रेघा मारल्या असत्या, तरी ती मुलं बाहेरच राहिली असती.

दुसरं भय पाडेलचं आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्कुएरा यांनी रचलेला हा खेळ देखणा आहे, पण तो २० मीटर बाय १० मीटरच्या काचेच्या बंदिस्त चौकटीत चालतो. लोखंड आणि काच उभी केली, की तिथे दुसरं काही होत नाही; आणि एवढा खर्च वसूल करायचा म्हटला, की ताशी दर आलाच. स्वीडनमध्ये कोरोनाच्या काळात पाडेलची केंद्रं भराभर उभी राहिली आणि २०२२-२३ मध्ये त्यांतल्या अनेकांचं दिवाळं निघालं. खासगी पैसा बुडाला तर तो मालकाचा. सार्वजनिक मैदान त्यात गेलं, तर ते सगळ्यांचं गेलं.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कित्येक कुळांच्या नावावर सातबारा आला. मैदानालाही तोच न्याय लावावा: खेळेल त्याचं मैदान. पण कुळकायद्यानं जमीन कसणाऱ्याला दिली, सावकाराला नव्हे. जो बदल कोर्ट खेळणाऱ्यांकडून काढून ताशी भाडं उकळणाऱ्याच्या हाती देतो, तो या न्यायाच्या उलट आहे. आणि दहा जण पिकलबॉल खेळत असतील, तरी पहाटे एकटी येऊन सर्व्हिसचा सराव करणारी मुलगीही कसणारीच आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. ते सुवर्ण कुठल्या तरी कोर्टावर वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात चेंडू मारल्यावर येतं. तिच्यानंतरच्या मुलीसाठी एक कोर्ट राखणं हे उपकार नव्हेत.

मार्ग अवघड नाही. एकाहून जास्त कोर्टं असतील तिथे एक टेनिसला राखावं आणि बाकीच्यांवर वेगळ्या रंगाच्या रेघा माराव्यात. पिकलबॉलची जाळी मध्यावर ३४ इंच, टेनिसची ३६. हलवता येणारी जाळी असली की फरक भागतो. वेळा भिंतीवर लिहाव्यात, शाळकरी मुलांना फुकट खेळू द्यावं आणि किल्ली रोज खेळणाऱ्यांपैकीच कोणाकडे ठेवावी. रंगाआधी एक हंगाम फक्कीने आखून पाहावं. जो खेळ हंगामभर फक्की पुन्हा पुन्हा मारायला माणसं आणेल, त्याला पक्की रेघ द्यावी. जिथे कोणी आलं नाही, तिथे पुढच्या पावसात फक्की आपोआप धुऊन जाईल, आणि जमीन पुढच्या खेळासाठी तशीच राहील.

आळ्याच्या त्या मुलांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर निघाल्यावर बांबू पुन्हा रोवले. चाकांखाली पुसलेल्या रेघा नव्याने आखताना त्यांनी कोर्ट थोडं सरकवलं, कारण पलीकडे आणखी एक जाळी बांधायची होती.