अर्धा चरण

वाळूजच्या कारखान्यांजवळच्या बजाजनगरातल्या एखाद्या हरिनाम सप्ताहात मनानंच जाऊन बसा. आषाढीला जिथं गर्दी लोटते ते वाळूजचं छोटं पंढरपूर इथून जवळच. मांडवात टाळकऱ्यांच्या दोन रांगा, विणेकरी, मृदंग. शेजाऱ्याच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट आहे. पाळी सुटली तसा आलाय.

महाराज मुद्दा मांडतात. आवाज चढतो. 'तुकोबारायांचं प्रमाण आहे,' म्हणत चरण अर्ध्यावर सोडतात आणि उरलेला अर्धा मांडव पुरा करतो. टाळ कडाडतात. तुमची मान हलते.

इथं थांबा. मान हलली तो क्षण सावकाश पुन्हा समोर आणा. नेमकं काय पटलं? मुद्दा? चाल? महाराजांवरचा विश्वास? उत्तराची घाई नको.

वक्त्याचं शील, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद, अशी पटवण्याची तीन साधनं ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितली. पण त्याचं एक बारीक निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. श्रोत्याला ठाऊक असलेलं वक्त्यानं बोलूच नये, तो ते स्वतः भरून घेतो. त्याचंच उदाहरण: डोरिअस ऑलिंपियाला जिंकला, एवढं पुरे. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळतो हे ग्रीकांना सांगावं लागत नाही. आता तो अर्धा चरण आठवा. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दांशी कोण वाद घालतो?

जुन्या कवींना ॲरिस्टॉटल साक्षीदार मानतो. सलामिस बेट कुणाचं, या वादात अथेन्सनं होमरचा चरण पुढे केला होता. (तो चरण अथेन्सचा पुढारी सोलोन यानंच मागाहून घुसडला, अशी कुजबुज होतीच. प्रक्षिप्त अभंगांचे वाद आपल्याला काही नवे नाहीत.) जुने साक्षीदार सगळ्यात भरवशाचे, कारण त्यांना फितवता येत नाही, असं ॲरिस्टॉटलचं म्हणणं. खरंच, तुकोबांना कोण फितवणार? पण त्यांची उलटतपासणीही घेता येत नाही. हा चरण या मुद्द्याला लागतो का, हे त्यांना विचारता येत नाही. ते काम मांडवात बसलेल्याचं.

म्हणून तोच चरण मनात पुन्हा म्हणा. टाळ नाही, चाल नाही, नुसते शब्द. शेजारी महाराजांचा मुद्दा ठेवा. पुष्कळदा दोन्ही चपखल बसतात. कधी मधे फट दिसते. दिसली तर लगेच बुजवू नका, महाराजांवर चिडूही नका. पुढचं प्रमाण यायला अजून अवकाश आहे. तोवर तिच्याकडे बघत राहा.